दुकानासाठी कोल्ड्रिंकचा फ्रिज घेताय? पैसे देण्याआधी हे गणित समजून घ्या

मार्च उजाडला की दुकानात येणाऱ्या गिऱ्हाईकाचा प्रश्न बदलतो. थंडीत तो विचारतो, "पाण्याची बाटली आहे का?" उन्हाळ्यात विचारतो, "थंड आहे का?" नाही म्हटलं की तो पुढच्या टपरीवर जातो आणि जाताना बिस्किटाचा पुडाही तिथूनच घेतो.

म्हणून किराणा दुकान असो, रसवंती असो, वडापावची गाडी असो की छोटं हॉटेल, फ्रिज हवाच असं वाटतं. बहुतेक जण मात्र तो घेतात दुकानदाराच्या सांगण्यावरून, नाहीतर शेजाऱ्याकडे आहे तसाच. मग बिल आल्यावर डोळे उघडतात, किंवा ऐन मे महिन्यात बाटल्या कोमट निघू लागतात.

फ्रिजची किंमत एकदाच द्यावी लागते, पण वीज रोज द्यावी लागते. चुकीचा फ्रिज घेतला तर छोट्या दुकानाचा नफा तोच खातो. म्हणून घेण्याआधी काय बघायचं, ते एक एक करून समजून घेऊ.

घरचा फ्रिज दुकानात का चालत नाही?

"घरात जुना फ्रिज पडलाय, तोच लावू." हा विचार पहिल्यांदा सगळ्यांच्याच मनात येतो. पण घरचा फ्रिज दिवसातून वीस-तीस वेळा उघडेल असं धरून बनवलेला असतो. चालत्या दुकानात तेवढ्या वेळा तो तासाभरात उघडतो. दर वेळी थंड हवा बाहेर पडते, गरम हवा आत शिरते आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही.

दुसरं कारण म्हणजे ओझं. घरच्या फ्रिजमध्ये आपण एखादी गरम बाटली ठेवतो, दुकानात एकदम दोन-चार पेट्या भरतो. ५०० मिलीच्या ४८ बाटल्या म्हणजे २४ लिटर पाणी. ते ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर त्यातून सुमारे ३,००० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. समजा एखाद्या मशीनची थंड करण्याची ताकद २५० वॅट आहे. दार एकदाही न उघडता त्याला या कामाला सव्वातीन तासांहून जास्त वेळ लागेल. म्हणून सकाळी दहाला भरलेली बाटली अकराला थंड मिळत नाही. यात फ्रिजचा दोष नाही.

तिसरं म्हणजे वॉरंटी. बऱ्याच घरगुती फ्रिजच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर वगळलेला असतो. दुकानात लावलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला तर खर्च तुमच्याच माथी.

बाजारात मिळतात ते प्रकार

व्हिजी कूलर: काचेच्या दाराचा उभा फ्रिज. माल बाहेरून दिसतो, गिऱ्हाईक स्वतः बाटली काढतं. पाणी, कोल्ड्रिंक, ज्यूस, ताक यांसाठी हाच सगळ्यात जास्त वापरला जातो.

चेस्ट कूलर: वरून झाकण असलेली आडवी पेटी. थंड हवा जड असते, त्यामुळे झाकण उघडलं तरी ती बरीचशी आतच राहते. जिथे वीज वारंवार जाते तिथे हा जास्त वेळ गारवा टिकवतो. पण माल दिसत नाही आणि खालची बाटली काढायला वाकावं लागतं.

डीप फ्रीजर: हा आइस्क्रीम आणि गोठवलेल्या पदार्थांसाठी असतो, म्हणजे उणे १८ अंश किंवा त्याखाली. यात सोड्याची काचेची बाटली विसरलात तर ती फुटू शकते, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काही मॉडेलमध्ये कूलर आणि फ्रीजर अशी अदलाबदल करता येते. तसं असेल तर कोणत्या मोडवर लावलाय ते रोज बघा.

काउंटरखालचा किंवा काउंटरवरचा छोटा फ्रिज: जागा कमी असलेल्या कॅफेला, मेडिकलला, ज्यूस सेंटरला सोयीचा. मुख्य साठा दुसरीकडे असेल तरच याचा उपयोग होतो.

आधी ठरवा, आत काय ठेवणार

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. पाणी, सोडा, कोल्ड्रिंक हे ८ अंशांवर राहिलं तरी खराब होत नाही, फक्त कमी गार लागतं. दूध, दही, ताक, लस्सी, पनीर, श्रीखंड यांचं तसं नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे थंड ठेवायचे नाशवंत पदार्थ ५ अंश किंवा त्याखाली ठेवावे लागतात. त्यापेक्षा गरम झालं की जंतू वेगाने वाढतात.

बहुतेक व्हिजी कूलर २ ते ८ अंशांसाठी बनवलेले असतात. म्हणजे भर दुपारी, दार सारखं उघडत असताना, आतलं तापमान ७-८ वर गेलं तरी कंपनीच्या दृष्टीने मशीन बरोबर चालतंय. पण त्यातली दुधाची पिशवी धोक्यात आहे. तुम्ही दूधदुभतं किंवा घरची सोलकढी, उसाचा रस, मिल्कशेक ठेवणार असाल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा, "बाहेर ४० अंश असताना हा आत ५ च्या खाली राहतो का?" आणि शक्य असेल तर दुधासाठी वेगळा छोटा फ्रिज ठेवा.

बाहेरच्या डिस्प्लेवरचा आकडा सेन्सरजवळच्या हवेचा असतो, बाटलीचा नाही. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात ठेवा. दुपारी तीनला त्यावर दिसेल तेच खरं तापमान.

किती लिटरचा घ्यायचा?

३०० लिटरच्या फ्रिजमध्ये ३०० लिटर पाणी मावत नाही. बाटल्या गोल असतात, वर मोकळी जागा राहते, शिवाय हवा फिरायला फटी लागतात.

एक सोपा अंदाज सांगतो. ५०० मिलीची बाटली साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि २३ सेंटिमीटर उंच धरली तर ती जवळजवळ १ लिटर जागा अडवते. म्हणजे अर्धा लिटर पाण्याला एक लिटर जागा. त्यात वरची मोकळी जागा धरली की ३०० लिटरच्या फ्रिजमध्ये अशा दोनशेच्या आसपास बाटल्या नीट बसतात.

आता तुमचा आकडा काढा. कडक उन्हाच्या दिवशी किती बाटल्या विकल्या जातात? समजा १२०. त्याच्या दीडपट, म्हणजे १८० बाटल्यांची जागा हवी, कारण पुढे थंड बाटल्या विकल्या जात असताना मागे नव्या थंड व्हायला ठेवाव्या लागतात. म्हणजे २५० ते ३०० लिटरचा फ्रिज पुरे. दिवसाला ४० बाटल्या विकणाऱ्याने ५०० लिटरचा फ्रिज घेतला तर तो रोज रिकाम्या जागेला गार करत बसेल. लग्नसराई आणि जत्रेचे चार दिवस डोळ्यांसमोर ठेवून मोठा फ्रिज घेऊ नका. त्या दिवसांपुरती बर्फाची लादी आणि थर्माकोलची पेटी स्वस्त पडते.

कंपनीचा फुकट फ्रिज घ्यावा का?

शीतपेयांच्या कंपन्या वितरकामार्फत दुकानांना फ्रिज देतात. काही ठिकाणी डिपॉझिट घेतात, काही ठिकाणी नाही. सुरुवातीला भांडवल कमी असेल तर हा चांगला पर्याय आहे. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, फ्रिज कंपनीचाच राहतो. दुकान बदललं, बंद केलं किंवा माल उचलणं कमी झालं तर तो परत नेला जाऊ शकतो. दोन, साधारणपणे त्यात फक्त त्याच कंपनीचा माल ठेवायची अट असते. म्हणजे गावातल्या बचत गटाचं कोकम सरबत, स्थानिक सोडा किंवा दूध डेअरीचं ताक त्यात ठेवता येत नाही, आणि नफा कदाचित त्यातच जास्त असतो. तीन, फ्रिज फुकट असला तरी वीज फुकट नसते. बिल तुमचंच.

सही करण्याआधी कागद वाचा. दुरुस्ती कोण करणार, किती दिवसांत करणार, महिन्याला किमान किती पेट्या उचलाव्या लागतील, डिपॉझिट कसं परत मिळणार, हे लिहिलेलं असलं पाहिजे. सेल्समनने तोंडी दिलेला शब्द सेल्समन बदलला की संपतो.

विजेचं बिल: इथे खरा खेळ आहे

१,००० वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सतत चालत नाही, थांबत-चालत राहतो. म्हणून नुसते वॅट बघून बिल कळत नाही. विचारायचं ते हे: "२४ तासांत किती युनिट खातो?" हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात सहसा असतो.

मग तुमच्या दुकानाच्या बिलातून युनिटचा खरा दर काढा. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क यांची बेरीज करा आणि वापरलेल्या युनिटने भागा. नुसता वीज आकाराचा दर बघितला तर हिशेब फसतो.

समजा दर १२ रुपये निघाला. पहिला फ्रिज रोज साडेचार युनिट खातो, दुसरा तीन. महिन्याला पहिल्याचे १३५ युनिट, १,६२० रुपये. दुसऱ्याचे ९० युनिट, १,०८० रुपये. फरक महिन्याला ५४० रुपये. दुसरा फ्रिज ८,००० रुपयांनी महाग असला तरी जास्तीचे पैसे सव्वा वर्षात वसूल होतात, आणि पुढची सगळी वर्षं बचत.

कमी वीज खाण्यामागे साधी कारणं असतात. दुहेरी काच, दाराचं घट्ट रबर, एलईडी दिवे, आपोआप बंद होणारं दार आणि गरजेप्रमाणे वेग बदलणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर. यातलं काय आहे आणि काय नाही, ते नीट विचारा.

आणखी एक. घराच्या ओट्यावर दुकान असलं तरी घरगुती मीटरवर दुकानाचा फ्रिज लावू नका. मंजूर कारणाव्यतिरिक्त वीज वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि तपासणीत मोठी रक्कम भरावी लागू शकते.

फ्रिज परवडण्यासाठी किती बाटल्या विकायला हव्यात?

हा हिशेब कागदावर मांडाच. समजा फ्रिज ३२,००० रुपयांचा आहे आणि ८ वर्षं टिकेल. म्हणजे महिन्याला ३३३ रुपये. वीज १,६२०. साफसफाई-दुरुस्तीला २०० बाजूला ठेवले. एकूण सुमारे २,१५० रुपये, म्हणजे दिवसाला ७२ रुपये.

एका बाटलीमागे ३ रुपये सुटत असतील तर रोज २४ बाटल्या फक्त फ्रिजचा खर्च भागवण्यासाठी विकाव्या लागतात. आणि त्या जास्तीच्या हव्यात. फ्रिज नसतानाही ज्या विकल्या गेल्या असत्या त्या यात धरायच्या नाहीत. पंचविसावी बाटली तुमच्या नफ्याची.

इथे अनेक दुकानदार म्हणतात, "त्यात काय, थंड करायचे दोन रुपये जास्त लावू." हे चालत नाही. वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे किरकोळ विक्रेत्याला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. थंड करण्याचे वेगळे पैसे हे त्याला अपवाद नाहीत. तक्रार झाली तर दंड होतो, आणि गिऱ्हाईक तुटतं ते वेगळंच. म्हणून फ्रिजचा खर्च तुमच्या मार्जिनमधूनच निघाला पाहिजे. निघत नसेल तर छोटा फ्रिज घ्या, किंवा जास्त मार्जिनचा माल ठेवा.

कर्ज काढणार असाल तर महिन्याचा हप्ता वरच्या हिशेबात घाला. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, त्यात बहुतेक लहान फ्रिज बसतात. जीएसटी नोंदणी असेल तर बिल दुकानाच्या नावावर आणि जीएसटी क्रमांकासह घ्या, म्हणजे इनपुट क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ते मिळत नाही.

तुमच्या गावाचं हवामान बघा

फ्रिजवर 'टी' असा वर्ग लिहिलेला असेल तर तो ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या तापमानासाठी बनवलेला असतो. पुण्यात हे पुरतं. पण चंद्रपूर, अकोला, नागपूर, जळगाव इथे मे महिन्यात पारा त्याच्याही वर जातो, आणि पत्र्याच्या टपरीत तर बाहेरच्याहून जास्त तापतं. तिथे थोडी जास्त ताकदीचा फ्रिज घ्या आणि जागा सावलीची ठेवा.

कोकणात आणि गोव्यात अडचण वेगळी. तिथे दमट हवेमुळे काचेवर पाणी जमतं, आतला माल दिसत नाही आणि खाली ओल होते. तिथे दुहेरी किंवा गरम होणारी काच असलेलं मॉडेल बघा. समुद्राजवळ असाल तर पत्रा गंजतो, म्हणून मागचा आणि खालचा रंगही तपासा.

कुठेही असलात तरी फ्रिज भिंतीला चिकटवू नका. मागे आणि बाजूला चार ते सहा इंच जागा सोडा. शेगडी, तंदूर, चहाचा स्टोव्ह यांच्या शेजारी तर ठेवूच नका. आतली उष्णता त्याला बाहेर टाकायची असते. बाहेरच गरम असेल तर तो टाकणार कुठे?

गॅस कोणता आहे?

जुन्या फ्रिजमध्ये आर-१३४ए हा गॅस असायचा. तो ओझोनला घातक नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला. भारताने तो २०२१ मध्ये स्वीकारला आणि आपल्याकडे कपात २०३२ पासून सुरू होणार आहे.

आता अनेक नव्या कूलरमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन किंवा आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. हे पर्यावरणाला फार कमी घातक आहेत. पण दोन्ही ज्वलनशील आहेत. फ्रिजमध्ये ते थोडेच असतात, त्यामुळे रोजच्या वापरात घाबरायचं कारण नाही. मात्र दुरुस्ती करणारा माणूस या गॅसचं काम शिकलेलाच हवा. तुमच्या तालुक्यात असा मेकॅनिक आहे का, हे खरेदीआधी विचारा.

जुना फ्रिज घेताना

- किमान दोन-तीन तास चालवून बघा, आत पाण्याच्या बाटल्या ठेवून.
- दारात कागद अडकवा. तो सहज ओढून निघाला तर रबर गेलंय.
- दोन काचांच्या मध्ये वाफ दिसत असेल तर काचेचं सील फुटलंय.
- "नुकताच गॅस भरलाय" हे ऐकून खूश होऊ नका. फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे.
- कंपनीचा लोगो असलेला फ्रिज कोणी विकत असेल तर कागद मागा. तो कदाचित विकणाऱ्याचा नसेलच.

आणल्यानंतर पहिले काही दिवस

टेम्पोतून आडवा आणला असेल तर उभा करून निदान चार तास थांबा, मगच चालू करा. आडवेपणात कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, ते परत खाली यायला वेळ लागतो.

विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावा. वीज गेली आणि लगेच आली तर कॉम्प्रेसर तीन ते पाच मिनिटांनी सुरू झाला पाहिजे. ही सोय फ्रिजमध्ये किंवा स्टॅबिलायझरमध्ये आहे का, ते बघा.

अर्थिंग नीट आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. पावसाळ्यात ओल्या हाताने, ओल्या चपलेने लहान मुलं तो दरवाजा ओढतात. यात पैसे वाचवू नका.

महिन्यातून एकदा वीज बंद करून कंडेन्सरवरची धूळ ब्रशने झाडा. पीठ, तेल, मसाल्याच्या दुकानात दर पंधरा दिवसांनी. "फ्रिज गार करत नाही" या तक्रारीचं कारण पुष्कळदा फक्त ही धूळ असते. नवा माल मागे, जुना पुढे ठेवा. आतल्या पंख्यासमोर बाटल्या कोंबू नका. फक्त पाणी आणि कोल्ड्रिंक असेल तर रात्री आतला दिवा बंद ठेवा. दूधदुभतं असेल तर फ्रिज रात्री कधीही बंद करू नका.

पैसे देण्याआधी विचारायचे आठ प्रश्न

१. २४ तासांत किती युनिट लागतात, आणि तो आकडा बाहेर किती तापमान धरून दिलाय?
२. आत प्रत्यक्ष किती बाटल्या बसतात?
३. बाहेर ४० अंश असताना आत किती राहतं?
४. कॉम्प्रेसरची वॉरंटी किती, आणि बाकीच्या भागांची किती?
५. सर्व्हिस सेंटर कुठे आहे, माणूस किती दिवसांत येतो?
६. गॅस कोणता आहे?
७. दाराचं रबर, काच, पंखा हे सुटे मिळतात का?
८. पोहोचवणं आणि बसवणं किमतीत धरलंय का?

व्होल्टास, ब्लू स्टार, वेस्टर्न, हायर, रॉकवेल अशी बरीच नावं बाजारात आहेत. पण नावापेक्षा पाचवा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मे महिन्यात फ्रिज आठ दिवस बंद राहिला तर वर्षभराच्या नफ्याचा मोठा वाटा गेला. ज्याचा मेकॅनिक तुमच्या गावात दुसऱ्या दिवशी पोहोचतो, तो फ्रिज तुमच्यासाठी चांगला.

आणि शक्य असेल तर खरेदी नोव्हेंबर ते जानेवारीत करा. तेव्हा मागणी कमी असते, भाव करायला वाव असतो आणि उन्हाळा लागण्याआधी मशीनची परीक्षाही होते. तुमच्या ओळखीत कोणी नवं दुकान टाकत असेल, तर हा हिशेब त्याच्यापर्यंत नक्की पोहोचवा.